ओळखीच्या माणसाचं वॉरंट: पॅट गॅरेट गद्दार होता का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतली लिंकन काउंटी, म्हणजे जिल्हा. तिथला शेरीफ पॅट गॅरेट याने १८८१ मध्ये, खुनासाठी फाशी ठरून पळालेल्या बिली द किड या तरुणाला अंधाऱ्या खोलीत गोळी घातली. दोघं एकमेकांना आधीपासून ओळखत होते, काहींच्या मते जिवलग होते. प्रश्नकर्ते यावर दोन अंकी नाटक लिहीत आहेत. निवृत्त पोलीस म्हणून मी सांगावं, अशी त्यांची अपेक्षा आहे: अशा वेळी वर्दीतल्या माणसाच्या मनात काय चालतं, तो निर्णय नेमका कधी घेतो आणि गॅरेटला गद्दार म्हणायचं की कर्तव्यनिष्ठ?

मी गद्दार म्हणणार नाही. कर्तव्यनिष्ठ म्हणून हारही घालणार नाही. कारण तुमच्या प्रश्नात कर्तव्य एका बाजूला आणि मैत्री दुसऱ्या बाजूला अशी मांडणी आहे, आणि गॅरेटच्या बाबतीत ती मुळातच लागू होत नाही. मैत्री त्याच्या कामाच्या आड येत नव्हती. ती होती म्हणून तर त्याला हे काम मिळालं.

गॅरेट १८५० मध्ये अलाबामात जन्मला, लुइझियानात वाढला, टेक्सासच्या माळावर बायसन मारून कातडी विकण्याचा धंदा केला आणि तो धंदा बसल्यावर १८७८ च्या सुमारास पेकोस नदीकाठच्या फोर्ट सम्नरला येऊन पोचला. हा एक जुना, लष्कराने सोडून दिलेला तळ. मॅक्सवेल कुटुंबाने तो विकत घेतला होता आणि आजूबाजूला बहुतेक स्पॅनिश बोलणारी मेंढपाळ घरं होती. गॅरेटने काही दिवस पीट मॅक्सवेलकडे काम केलं, गुत्त्यात काम केलं आणि जानेवारी १८८० मध्ये तिथल्याच अपोलिनारिया गुतिएरेझ हिच्याशी लग्न केलं. बिली याच वस्तीत नाचायला, पत्ते खेळायला यायचा. तो स्पॅनिश उत्तम बोलायचा आणि लोकांचा लाडका होता. दोघांची ओळख होती, एकाच टेबलावर बसणं होतं, यात शंका नाही. जिवलग दोस्तीच्या रंगवलेल्या कथा बहुतेक नंतरच्या आहेत.

ठाण्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, जिवलग मित्र आरोपी असणं तुलनेने सोपं असतं. तुम्ही साहेबांकडे जाता आणि सांगता, मला यातून मोकळं करा. माझ्या हाताखालच्या एका फौजदाराच्या वर्गमित्रावर अपहाराचा गुन्हा दाखल झाला, तेव्हा त्याने हेच केलं. स्टेशन डायरीला नोंद घेतली, लेखी कळवलं, तपास दुसऱ्याकडे गेला. मित्राच्या घरच्यांनी बोलणं टाकलं, ठाण्यातले म्हणाले जबाबदारी झटकली. दोन्हीकडून बोल खाल्ले, पण कागद स्वच्छ राहिला. नुसता ओळखीचा माणूस असला की ही सोय नसते. उलट वरिष्ठ म्हणतात, तू त्याला ओळखतोस ना, मग तूच जा. तो कुठे जेवतो, कुणाच्या घरी झोपतो, कोणत्या वाटेने येतो, हे तुला माहीत असतं. तुमची ओळख सरकारजमा होते आणि त्याला नाही म्हणायला तुमच्याकडे कारणही नसतं.

गॅरेटचं असंच झालं. रॉझवेलचा जोसेफ ली आणि गुरांचा मोठा मालक जॉन चिसम यांना असा शेरीफ हवा होता, जो बिलीच्या टोळीचा माग काढू शकेल. नोव्हेंबर १८८० च्या निवडणुकीत त्यांनी गॅरेटला उभं केलं आणि तो निवडून आला. फोर्ट सम्नरच्या गल्ल्या आणि तिथली माणसं माहीत असलेला हा माणूस निवडून आला त्याच दिवशी त्याच्या ओळखींचा सौदा झाला. नाटकातला निर्णयाचा क्षण शोधत असाल तर तो इथे शोधा. गोळीच्या क्षणी शोधू नका.

आता त्याच्या पदाकडे बघा, नाहीतर आपल्याकडच्या पोलीस निरीक्षकाची प्रतिमा डोळ्यांपुढे येऊन घोटाळा होईल. शेरीफ म्हणजे निवडणूक जिंकलेला माणूस. त्याची कमाई बरीचशी फी, प्रवासाचा मोबदला आणि वसूल केलेल्या करातला वाटा यांतून व्हायची. २८ एप्रिल १८८१ ला बिली लिंकनच्या न्यायालयातून दोन पहारेकऱ्यांना मारून पळाला, तेव्हा गॅरेट कुठे होता? व्हाइट ओक्सला, करवसुलीवर. फाशीचा कैदी ताब्यात असताना काउंटीचा मुख्य पोलीस अधिकारी वसुलीला गेलेला, कारण तेही त्याचंच काम. शिवाय गव्हर्नर लू वॉलेसने बिलीवर ५०० डॉलरचं बक्षीस लावलेलं. एका माणसाच्या खिशात पद, वसुली, बक्षीस आणि पुढची निवडणूक एकत्र नांदत असताना तो कर्तव्यासाठी हे करतो की आणखी कशासाठी, हे त्याला स्वतःला तरी सांगता येतं का?

आणि ज्या कायद्याचं कर्तव्य म्हणायचं, तो कायदा तरी कसा होता? लिंकन काउंटीत १८७८ मध्ये मर्फी आणि डोलन यांच्या दुकानाची, सरकारी कंत्राटांची मक्तेदारी होती. जॉन टन्स्टल नावाच्या तरुण इंग्रज व्यापाऱ्याने तिथे दुसरं दुकान काढलं. शेरीफ विल्यम ब्रेडी डोलनच्या बाजूचा. त्याने जप्तीच्या हुकुमावर पाठवलेल्या तुकडीतल्या लोकांनी १८ फेब्रुवारीला टन्स्टलला ठार केलं. टन्स्टलच्या पदरी काम करणाऱ्यांत बिली होता. मग दुसऱ्या बाजूने जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे गावपातळीवरचा न्यायाधीश, असलेल्या विल्सनकडून वॉरंटं काढली, आणि टन्स्टलची माणसं कायद्याचे शिलेदार झाली. वॉरंट बजावायला गेलेल्या तुकडीत बिलीही होता. ब्रेडीने त्या तुकडीलाच पकडून कोंडलं! पुढे गव्हर्नर ॲक्सटेलने विल्सनची नेमणूकच रद्द केली आणि कालचे शिलेदार आज दरोडेखोर ठरले. १ एप्रिलला त्यांनी ब्रेडीला भर रस्त्यात मारलं. जुलैमध्ये पाच दिवस लिंकन गावात गोळीबार चालला, लष्कर येऊन उभं राहिलं, आणि टन्स्टलचा भागीदार वकील मॅकस्वीन जळत्या घरातून बाहेर पडताना मेला.

नवा गव्हर्नर वॉलेस मार्च १८७९ मध्ये बिलीला स्वतः भेटला. साक्ष दे, माफी मिळेल, असं ठरलं. बिलीने साक्ष दिली. माफी मिळाली नाही. एवढ्या सगळ्या मुडद्यांमध्ये खुनासाठी दोषी ठरला तो एकटा बिली, तोही ब्रेडीच्या खुनासाठी. म्हणजे शब्द मोडण्याचा हिशोब मांडायचाच असेल तर गव्हर्नरच्या टेबलापासून सुरुवात करावी लागते. तुमच्या नाटकात वॉलेस नुसता पत्रातून येतो, असं तुम्ही लिहिलं आहे. त्याला रंगमंचावर आणा, असा माझा आग्रह आहे.

डिसेंबर १८८० ची धरपकड पाहिली की गॅरेटची ओळख कशी वापरली गेली ते कळतं. बिलीचा साथीदार चार्ली बाउड्री याची बायको फोर्ट सम्नरला राहायची. गॅरेट आधी बाउड्रीला भेटून बोलला होता: वाट सोड, जामिनाचं बघू. ही वाटाघाट अर्धवटच राहिली. टोळी पुन्हा फोर्ट सम्नरला येणार हे हेरून गॅरेट तिथे दबा धरून बसला आणि १९ डिसेंबरच्या रात्री टॉम ओ'फोलियार्ड मारला गेला. चारच दिवसांनी स्टिंकिंग स्प्रिंग्ज इथल्या एका दगडी खोपटाला त्याने पहाटे वेढा घातला. बिली दिसला की मारायचा, असं त्याने आपल्या माणसांना सांगून ठेवलं होतं. बाहेर आलेल्या माणसाच्या डोक्यावर बिलीसारखी टोपी होती. गोळ्या सुटल्या. तो बाउड्री निघाला. ज्याच्याशी बोलणी चालली होती, तोच.

पोलिसाच्या नजरेने सांगतो: टोपीवरून ओळख पटवून गोळी घालणं हे तेव्हाही वाईट काम होतं. पण त्यानंतर त्याच माणसाने जे केलं, ते मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीतलं उत्तम काम वाटतं, आणि लोकांच्या ते लक्षात राहत नाही. उपाशी, गारठलेले बिली आणि त्याचे साथीदार संध्याकाळपर्यंत शरण आले. गॅरेटने त्यांना सांता फेपर्यंत सुखरूप नेण्याचा शब्द दिला. वाटेत लास व्हेगास लागतं, नेवाडातलं नव्हे, न्यू मेक्सिकोतलं. तिथे कैद्यांपैकी डेव्ह रुडाबॉ याच्यावर तुरुंगाच्या पहारेकऱ्याच्या खुनाचा आरोप होता. रेल्वे स्टेशनवर जमाव जमला, हत्यारबंद, रुडाबॉला खाली उतरवा म्हणून. गाडी अडवून धरली. गॅरेट हटला नाही. कैद्यांना त्याने सांगितलं, हे लोक डब्यात घुसले तर मी तुमच्या हातात बंदुका देईन. अखेर गाडी सुटली आणि कैदी सांता फेला पोचले.

ज्याने कधी जमावासमोर आरोपी सांभाळला आहे, त्याला या प्रसंगाची किंमत कळेल. बाहेरचे लोक ओरडत असतात की आमच्या ताब्यात द्या, आणि त्यातले निम्मे तुमचे मतदार, तुमच्या ओळखीचे, तुमच्या बाजूचे असतात. आत बसलेला माणूस तुम्हाला आवडत नसतो. अशा वेळी मैत्री कामाला येत नाही. दिलेला शब्द आणि ताबा, एवढंच उरतं. पकडण्याआधी बिलीला दिसताक्षणी मारा म्हणणारा गॅरेट, पकडल्यावर त्याच्यासाठी जीव धोक्यात घालतो. हा विरोधाभास वाटेल. मला वाटत नाही. मोकळा आरोपी आणि कस्टडीतला आरोपी या पोलिसासाठी दोन वेगळ्या गोष्टी असतात. कोठडीचं दार लागलं की तुमची निष्ठा त्या दाराशी बांधलेली. पहिल्या अंकाचा शेवट इथे करा.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. एप्रिल १८८१ मध्ये मेसियाला खटला झाला, फाशी ठरली आणि बिली पळाला. गॅरेट दोन-अडीच महिने थंड दिसतो. वर्तमानपत्रांनी त्याला भित्रा म्हटलं. बिली फोर्ट सम्नरलाच आहे ही खबर जॉन पो या त्याच्या हाताखालच्या डेप्युटीला लागली आणि गॅरेटचा आधी विश्वास बसेना. इतका हुशार पोरगा मेक्सिकोत जायचं सोडून इथे कशाला थांबेल? इथे मला त्याचं मन दिसतं. माहीत असून न जाणं आणि माहीत करून न घेणं यांत एक पट्टा असतो, आणि ओळखीच्या आरोपीचा तपास त्या पट्ट्यात बराच काळ रेंगाळतो. कुणी फाइल दाबत नाही, ढिलाई केल्याचा पुरावा सापडत नाही, फक्त खबर 'पक्की नाही' असं वाटत राहतं. गॅरेट बिलीला वाचवत होता असा माझा दावा नाही. पण नटाला काही दाखवायचं असेल तर या अडीच महिन्यांच्या शांततेत दाखवू दे.

१४ जुलैची रात्र मात्र द्विधा मनाची नव्हे. दिवसा पो वस्तीत फिरून आला, कारण त्याला तिथे कुणी ओळखत नव्हतं. गॅरेटला सगळेच ओळखत. रात्री गॅरेट पीट मॅक्सवेलच्या खोलीत शिरला, त्याच्या उशाशी बसून विचारपूस करू लागला. पो आणि दुसरा डेप्युटी मॅकिनी बाहेर ओसरीवर. बिली मांस कापून घ्यायला सुरी घेऊन आला, बाहेरची दोन माणसं पाहून चमकला, 'किएन एस?' म्हणजे कोण आहे, असं विचारत मागे सरकत खोलीत आला. गॅरेटने आवाज ओळखला. दोन गोळ्या झाडल्या, पहिलीच लागली. सूचना नाही, इशारा नाही. कोरोनरच्या, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, पंचांनी हे न्याय्य ठरवलं, वर बक्षिसाची शिफारस केली. ५०० डॉलर मात्र अडकले, कारण बक्षीस पकडून हजर करण्यासाठी होतं. १८८२ मध्ये विधिमंडळाने वेगळी तरतूद केल्यावर ते मिळाले. त्याच वर्षी गॅरेटच्या नावाने बिलीचं चरित्रही छापलं गेलं, बरंचसं ॲश अप्सन या त्याच्या पत्रकार मित्राने लिहिलेलं. गोळी घातल्यापेक्षा हे पुस्तक मला जास्त खुपतं.

अंधाऱ्या खोलीत अर्ध्या क्षणात मनात काय चाललं असेल, असं तुम्ही विचारता. काही नाही. आवाज ओळखला, हात उचलला गेला. त्या वेळी विचार करणारा पोलीस जिवंत परत येत नाही. या प्रसंगावर लांब स्वगत लिहू नका.

तुमच्या आराखड्यात अर्प बंधूंचाही उल्लेख आहे, म्हणून थोडं त्यांच्याविषयी. ॲरिझोनातल्या टूमस्टोनमध्ये २६ ऑक्टोबर १८८१ ला गावाचा पोलीसप्रमुख व्हर्जिल अर्प विरुद्ध टोळीची हत्यारं काढून घ्यायला निघाला, तेव्हा सोबत त्याने आपले दोन भाऊ वायट आणि मॉर्गन, आणि वायटचा मित्र डॉक हॉलिडे यांना घेतलं. अर्ध्या मिनिटात समोरची तीन माणसं मेली. चौकशीत जज वेल्स स्पायसरने गुन्हा नाही म्हटलं, पण वायट आणि हॉलिडेला सोबत घेणं हे अविचारी आणि दोषास्पद होतं असंही नोंदवलं. माझ्या मते त्या प्रकरणातलं सगळ्यांत नेमकं वाक्य तेच. आधीच वैर असलेले घरचे लोक बंदोबस्तावर नेले की कायदा आणि भाऊबंदकी यांची सरमिसळ होते, मग नीयत कितीही साफ असो. पुढे डिसेंबरमध्ये व्हर्जिलवर हल्ला होऊन त्याचा हात निकामी झाला, मार्चमध्ये मॉर्गन मारला गेला, आणि वायट केंद्र सरकारचा बिल्ला छातीला लावूनच सूड घेत फिरला. स्थानिक शेरीफ बेहन त्याच्यामागे वॉरंट घेऊन. बेहन स्वतः विरुद्ध टोळीच्या जवळचा. म्हणजे दोन्ही बाजूंना बिल्ले, दोन्ही बाजूंना दोस्त.

या सगळ्यांच्या समोर मी एकच माणूस उभा करतो: बॅस रीव्ह्ज. गुलाम म्हणून जन्मलेला, अक्षरओळख नसलेला, वॉरंट दुसऱ्याकडून वाचून घेऊन तोंडपाठ करणारा कृष्णवर्णीय डेप्युटी यू. एस. मार्शल, म्हणजे केंद्र सरकारची वॉरंटं बजावणारा अधिकारी. १८७५ पासून त्याने आजच्या ओक्लाहोमात, तेव्हाच्या इंडियन टेरिटरीत, म्हणजे मूळ अमेरिकी जमातींसाठी राखलेल्या मुलुखात, काम केलं. १८९६ पर्यंत या डेप्युटींना पगार नव्हता. मैल आणि अटका मोजून पैसे मिळायचे, आणि आरोपी हातून मेला तर सहसा फीवर पाणी सोडावं लागे. १९०२ मध्ये त्याच्या मुलाने, बेनीने, मस्कोगीला स्वतःच्या बायकोचा खून केला. ते वॉरंट घ्यायला इतर डेप्युटी कचरत होते. बॅसने ते मागून घेतलं आणि मुलाला पकडून आणलं, असं सांगितलं जातं. बेनीला जन्मठेप होऊन लेव्हनवर्थच्या तुरुंगात जावं लागलं.

लोक ही गोष्ट कर्तव्यासाठी पोटच्या पोराला न सोडणाऱ्या बापाची म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही. खुनाचा आरोपी, पळालेला, हत्यारबंद असण्याची शक्यता. अनोळखी डेप्युटी गेला असता तर काय झालं असतं, हे त्या मुलुखात सत्तावीस वर्षं काढलेल्या बॅसइतकं कुणाला कळत होतं? पोरगं जिवंत आणायचं असेल तर आपणच गेलेलं बरं, एवढा हिशोब एखाद्या बापाने केला असेल तर तो कर्तव्यनिष्ठही आहे आणि बापही आहे. आजच्या पद्धतीने बघाल तर असं वॉरंट त्याच्या हातात द्यायलाच नको होतं. आपल्याकडे निवडणुकीच्या तोंडावर गृहजिल्ह्यातल्या आणि एकाच जिल्ह्यात तीन वर्षं झालेल्या पोलीस अधिकाऱ्यांना हलवतात, त्यामागे हाच शहाणपणा आहे: माणसाकडून पराक्रमाची अपेक्षा ठेवण्यापेक्षा त्याला त्या जागेवरून उचलणं सोपं. त्या नव्याने वसणाऱ्या मुलुखात उचलून नेऊन बसवायला दुसरी जागा नव्हती आणि दुसरा माणूसही नव्हता.

गॅरेटच्या उतारवयाबद्दल तुमच्या आराखड्यात काहीच नाही, आणि दुसरा अंक तिथेच आहे. त्याला पुन्हा लिंकनचा शेरीफ होता आलं नाही. ती जागा जॉन पो याच्याकडे गेली. मेसियात बिलीचं वकीलपत्र घेतलेला अल्बर्ट फाउंटन १८९६ मध्ये आपल्या आठ वर्षांच्या मुलासह वाळवंटात नाहीसा झाला, त्या तपासासाठी गॅरेटलाच बोलावलं. १८९९ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने त्याला एल पासोला कस्टम्सचा कलेक्टर नेमलं. चांगली, स्थिर नोकरी. ती त्याने घालवली कशी? १९०५ मध्ये सॅन अँटोनियोला रूझवेल्टच्या जुन्या सैनिकांच्या मेळाव्यात तो आपला दोस्त टॉम पॉवर्स याला घेऊन गेला, गुरांचा मालक म्हणून ओळख करून दिली, रूझवेल्टबरोबर फोटो काढवला. पॉवर्स होता गुत्ता आणि जुगारखाना चालवणारा. रूझवेल्टच्या कानावर ते गेलं आणि गॅरेटची मुदत वाढली नाही. मित्राला मारणारा म्हणून जगाने ओळखलेला माणूस, दोस्ताला मोठ्यांच्या पंक्तीत बसवण्याच्या हौसेपायी नोकरीला मुकला.

२९ फेब्रुवारी १९०८ ला लास क्रूसेसजवळ रस्त्यावर गॅरेटला गोळी घातली गेली. वेन ब्रेझेलने कबुली दिली, स्वसंरक्षण म्हटलं आणि सुटला. आणि डिसेंबर २०१० च्या शेवटच्या दिवशी न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर बिल रिचर्डसन यांनी, वॉलेसने कबूल केलेली माफी बिलीला मरणोत्तर द्यावी का यावर विचार करून नकार दिला. गॅरेटच्या वंशजांनी त्या माफीला विरोध केला होता. तुमच्या नाटकाला उपसंहार हवा असेल तर हा वाद घ्या: एकाच टेबलाशी दोघांचीही बाजू मांडणारे लोक, आणि मध्ये १८७९ चं ते न पाळलेलं वचन.